बुडालेला मांगूर

यातलं एक वाक्यही आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, ताईजवळ नाही, नदीवर तासन्‌तास शेजारी गळ टाकून बसणाऱ्या दोस्तांजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखायला लागलात तर मी तुम्हाला आवडणारही नाही. ते बरंच आहे. मला कुणी समजून घ्यायला नको आहे. समजून घेणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो.

तर — कुठून सुरू करू? माशांपासून करतो. माशांबद्दल बोलणं मला सोपं जातं.

वर्ध्याला नालवाडीत माझं घर आहे आणि बाजारात पंपांच्या सुट्या भागांचं दुकान. घरात पुढच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी, मागच्या अंगणात मी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं सिमेंटचं टाकं. आमच्या घरात मासे खात नाहीत, कधीच खाल्लेले नाहीत. मी पाळतो. आणि रविवारी नदीवर जाऊन गळाने धरतो, धरून परत सोडतो. खायचं नाही तर धरायचं कशाला, असं लोक विचारतात. काय उत्तर देणार? दोरीच्या त्या टोकाला काहीतरी जिवंत असतं आणि ते माझ्याशी भांडत असतं, एवढं मला पुरतं. घरात मला कुणाशी भांडता येत नसे. विशेषतः भाऊजींशी, म्हणजे ताईच्या नवऱ्याशी, नाही. जावई ना ते आमचे.

मी मागे लागलेला असतो तो मांगूर. आठ मिशा, अंगावर खवले नाहीत, काळा, बुळबुळीत, आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी एकेक काटा — नीट धरला नाही तर असा टोचतो की दोन दिवस हात ठणकतो. हल्ली गळाला लागतो तो बहुतेक थाई मांगूर, बाहेरून आलेला, खादाड, पाळायला बंदी असलेला. आपला गावठी मांगूर दिसेनासा झालाय. आमच्या गळवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी वीतभर गावठी मांगराचा फोटो टाकला तरी दिवसभर तीच चर्चा चालते. आणि एक गोष्ट. मांगूर नुसत्या पाण्यावर जगत नाही. त्याला मधूनमधून वर येऊन तोंडाने हवा घ्यावी लागते. हे नवशिक्यांना ग्रुपवर मीच समजावून सांगायचो. म्हणजे मला ठाऊक होतं. पुढचं ऐकताना हे विसरू नका.

भाऊजींचं शेत कारंजा घाडगेच्या पुढे, हायवेपासून थोडं आत. शेतातल्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी त्यांनी तिच्यात एक बोटभर मांगूर सोडला होता. तिकडे सोडतात तसा — पाण्यातले किडे खातो, पाणी साफ ठेवतो. विहिरीतला मासा कुणी धरत नाही, खाण्याचं तर नावच नको. ज्या पाण्यावर घर जगतं त्या पाण्यातला तो जीव, घरातलाच. नऊ वर्षांत तो हातभर झाला होता. हातभर गावठी मांगूर! तुम्हाला यात काही वाटणार नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी नजरच हटेना.

मला तो हवा होता. इतकं साधं आहे ते. माझ्या सिमेंटच्या टाक्यात तो हवा होता.

अधिक महिन्यात आमच्याकडे धोंड्याचं जेवण होतं. जावयाला बोलवायचं, अनारसे वाढायचे, आहेर करायचा. भाऊजी बसले होते पाटावर, रांगोळी काढलेल्या ताटासमोर, आणि येणारा प्रत्येक जण त्यांच्या पुढेपुढे करत होता. दर वेळी त्यांची मोटर बिघडली की दुकान बंद करून सत्तर किलोमीटर जाणारा मी, मीही वाढत होतो. जेवणानंतर ते माझ्या काचेच्या टाकीपुढे उभे राहिले, काचेवर टिचकी मारली आणि म्हणाले की साळेबुवा दुकानात पंप विकतात आणि घरी मासे नाचवतात. सगळे हसले. माझी बायकोही हसली. मी हसत हसतच विचारलं — विहिरीतला मांगूर मला देता का? चांगला सांभाळीन.

त्यांनी ताबडतोब नाही म्हटलं असतं तर मला चाललं असतं. पण त्यांनी आधी सगळ्यांकडे पाहून घेतलं.

“मागाचा हक्क जवायाचा असते साळेबुवा, साळ्याचा नाई,” ते म्हणाले. “अन् तो विहिरीतला जीव हाय, शोकेसमधला नाई. तुमच्याकडं आला तं महिनाबी नाई काढत.”

पुन्हा हसणं झालं. मी पान आणून दिलं त्यांना. त्या पानात काय काय घालावंसं वाटलं होतं ते सांगत नाही. हा राग मी नंतर महिनोन्‌महिने सांभाळला. मासे जसे सांभाळतो तसाच, रोज थोडं खायला घालून.

आता शंकरबद्दल सांगायला हवं. टाळतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल.

शंकर भाऊजींचा सालदार होता — गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. शेतातल्याच खोलीत बायकोसोबत राहायचा. कमी बोलणारा, चाळिशीचा माणूस. मांगराला रोज खायला तोच घालायचा. एकदा मी मोटर बघायला गेलो असताना त्याने मला ते दाखवलं. लोखंडी बादलीची कडी विहिरीच्या काठावर तीनदा वाजवली, आणि खालच्या काळ्या पाण्यातून तो हातभर जीव हळूहळू वर आला, मिशा पसरून थांबला. शंकरने भाकरीचा गोळा टाकला. अनोळखी माणूस काठावर असला की तो वर येत नाही, असं त्याने सांगितलं. मग त्याने माझ्या हातात बादली दिली.

“तीनदाच वाजवा, भाऊ. चौथ्यांदा वाजवलं तं रागवते तो.”

मला वाजवायला त्याने का शिकवलं असेल? मी माशांतला माणूस, मला आनंद होईल म्हणून. दुसरं काही कारण मला तरी सापडलेलं नाही. त्यानंतर चार-पाच खेपांना मी भाकरीचा गोळा टाकला आणि मांगूर माझ्याही आवाजावर यायला लागला. आता तो ज्यांच्या आवाजावर यायचा अशी माणसं तीन झाली — भाऊजी, शंकर आणि मी. पैकी माझ्या आवाजावर तो येतो हे भाऊजींना माहीत नव्हतं. घरच्या साळ्याने गड्याकडून असलं काही शिकावं हे मी त्यांना कशाला सांगू?

दिवाळी झाल्यावर पुन्हा मोटर बिघडली. भाऊजी आणि ताई लग्नाला परगावी गेले होते, मोटर दुरुस्त करून ठेवा असा फोन आला. नेहमीसारखाच हुकूम. मी गाडीत सामान घातलं. पान्हे घातले, फुटव्हॉल्व्ह घातला — आणि झाकणाचा निळा ड्रम, गळ, लांब दांडीची जाळी. अचानक मोह झाला असं म्हणायची सोय मला नाही. ड्रम मी आदल्या दिवशी धुऊन ठेवला होता.

भर दुपार होती. शंकरने मला चहा करून दिला आणि तो पलीकडच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांकडे गेला. मी मोटर जोडली. मग बादली घेतली, कडी तीनदा वाजवली.

तो आला. दिवाळीनंतरचं वर आलेलं पाणी, स्वच्छ — त्याच्या आठही मिशा मला दिसत होत्या. भाकरीच्या गोळ्यात गळ होता. नदीवर मांगरासाठी मी दिवस दिवस बसलोय. गळ हलला की छातीत धडधड होते, झटका कधी द्यायचा, दोरी कधी सोडायची — सगळं कसब लागतं. इथे कशाचंही काम पडलं नाही. त्याने तोंड उघडलं आणि गोळा घेतला, रोज घ्यायचा तसा. तो भांडलासुद्धा उशिरा, जाळीत आल्यावर. तेव्हा त्याचा काटा माझ्या अंगठ्यात खोल गेला.

ड्रम मी विहिरीच्याच पाण्याने भरला. गच्च भरला, तोंडापर्यंत, का तर रस्त्याने पाणी हिंदकळू नये, त्याचं अंग आपटू नये. मग झाकण लावून कडं आवळलं. घट्ट.

आलं लक्षात?

आर्वीवरून वर्ध्याकडे येताना मी खुशीत होतो. गाणी ऐकत होतो. अंगठा ठणकत होता, त्याचंही काही वाटत नव्हतं. वर्ध्याच्या अलीकडे धाम नदीच्या काठाशी गाडी थांबवली, एकदा बघून घेऊ म्हणून. कडं काढलं, झाकण उघडलं. तो झाकणाला तोंड लावलेल्या अवस्थेत होता, तसाच खाली सरकला. हवा घ्यायला वर आला होता आणि वर हवा नव्हती. मी ठेवलीच नव्हती. मासा बुडून मेला होता. ज्या माणसाने ग्रुपवर सगळ्यांना अक्कल शिकवली त्याच्या ड्रममध्ये. भाऊजी म्हणाले होते महिनाही काढणार नाही. दोन तास नाही काढले त्याने. भाऊजींचं म्हणणं खरं ठरलं याचा मला तिथे काठावर जो संताप आला — माशाचं वाईट वाटण्याआधी संताप आला, हे सांगून ठेवतो.

आणि मग मी काय केलं? रडलो? नाही हो. मी अंगावरची धूळ झटकली, केस नीट केले, गळ आणि मासा हातात धरला आणि रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाला फोटो काढायला सांगितलं. ग्रुपवर टाकला — धाम नदी, गावठी मांगूर, हातभर. रात्रीपर्यंत अभिनंदनं येत होती. सोडून दिला ना, असं एकाने विचारलं. हो, नदीत सोडला, असं मी लिहिलं. ते खरंच होतं. सोडला होता, नदीतच. पोट वर करून तो वाहत गेला आणि मी वळण येईपर्यंत बघत राहिलो.

इथे संपलं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. एका माशाचा जीव आणि एक थाप — याचा कबुलीजबाब द्यायला मी काही इतका हळवा माणूस नाही.

पाच दिवसांनी भाऊजी लग्नाहून परतले आणि त्यांचा फोन आला. मांगूर दिसत नाही, तीनदा वाजवलं, दहादा वाजवलं, येत नाही. आवाज नेहमीचा नव्हता. तुम्हाला माशांतलं समजतं, येऊन बघा, असं म्हणाले. येऊन बघा — भाऊजींनी माझ्या छंदाला पहिल्यांदाच कामाचं म्हटलं होतं. मी दुकान बंद करून गेलो.

विहिरीवर भाऊजी होते, ताई होती, शेजारच्या वावरातले दोघे होते. शंकर जरा लांब उभा होता. ताईचा चेहरा उतरलेला — मासा गेला, आता पाणी जाईल की काय, हे तिच्या मनात होतं. भाऊजींनी विचारलं, काय झालं असेल?

माझ्याजवळ दहा उत्तरं होती. म्हातारा झाला होता, गाळात जाऊन मेला असेल. बेडूक खाऊन काही बाधलं असेल. विहिरीत साप उतरतात, सापाने नेला असेल. यातली कुठलीही एक थाप मारायची होती. माशांतला माणूस बोलतोय म्हटल्यावर सगळ्यांनी मान हलवली असती आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. थाप मारायला मला कधी अडचण आली होती का? ग्रुपवर तर सहज मारली होती.

पण भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. ते मला सोडवेना. त्यांना दाखवून द्यावंसं वाटलं की मला खरंच कळतं. आणि आणखीही एक होतं — तुमचा लाडका जीव आपोआप नाही गेला, तो कुणीतरी नेला, हे त्यांना कळावं, त्यांना लागावं, असं मला वाटत होतं. म्हणून मी विहिरीला एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि खरं तेच बोललो.

“मेला असता तं वर तरंगला असता,” मी म्हणालो. “कोणंतरी काढला. अन् अनोळखी माणसाजवळ तो येत नाई.”

प्रत्येक शब्द खरा. नीट बघा, एकही शब्द खोटा नाही.

सगळे शंकरकडे वळले. त्याला वाजवता येत होतं, त्याच्या घरी मासे खात होते. झालंच ना मग? माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. साळेबुवा तर मासे खातच नाहीत. शंकर दोन पावलं पुढे आला. तो भाऊजींशी नाही बोलला, माझ्याशी बोलला.

“भाऊ, तुमी मोटर बसवाले आलते तवा होता ना तो? सांगा ना.”

“होता,” मी म्हणालो. “मी आलतो तवा होता.”

हेही खरंच.

तेव्हा त्याने माझ्या अंगठ्याकडे बघितलं. पट्टी बांधलेली होती, सूज अजून उतरलेली नव्हती. मोटरचं काम करताना लागलं असं मी घरी सांगितलं होतं. पण ज्याने मांगूर हाताळलाय त्याला तो अंगठा बघून दुसरं काही सांगायची गरज नसते. तो बघत राहिला. त्याने बोट दाखवायचं होतं, ओरडायचं होतं. मी सगळ्याला तयार होतो — मी वरच्या आवाजात बोललो असतो, भाऊजी माझ्या बाजूने बोलले असते, गड्याची घरच्या माणसावर बोलायची हिंमत कशी झाली म्हणून चार माणसं त्याच्या अंगावर गेली असती. त्याला हे माझ्याइतकंच कळत होतं. तो गप्प बसला. आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या सोयीने लावला.

भाऊजींनी त्याला त्याच दिवशी काढलं. मध्येच, दिवाळीनंतर, जेव्हा कुणी सालदार ठेवत नाही. आणि पाडव्यालाही त्याला त्या गावात कुणी ठेवलं नाही, आजूबाजूच्या गावांतही नाही. चोर म्हणून नव्हे. चोरी लोक विसरतात. विहिरीतला मासा खाल्ला म्हणून. घरच्या पाण्यातला जीव ज्याने चुलीवर चढवला त्याला आपल्या विहिरीवर कोण उभं करणार? त्याची बायको खोलीतलं सामान बांधत होती तेव्हा मी गाडीजवळ उभा राहून भाऊजींना समजावत होतो की नवीन मांगूर कधी आणि कसा सोडायचा. मीच आणून दिला तो. मोठा झाला असेल आता. मी वाजवून बघितलेलं नाही.

त्या दिवसापासून भाऊजी मला साळेबुवा म्हणत नाहीत. नावाने हाक मारतात, चारचौघांत माझं मत विचारतात. घरी आले की टाकीपुढे खुर्ची ओढून बसतात आणि कुठला मासा काय खातो ते विचारतात. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. तुम्हाला वाटेल की ते मला आता गोड लागत नाही, घशात अडकतं वगैरे. तसं काही नाही. गोड लागतं. हेच तर सांगायला बसलोय.

याला सहा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात चंद्रपूरकडे माल बघायला निघालो होतो. हायवेवरच्या जाम गावाच्या चौकात एका ढाब्यावर चहासाठी थांबलो. खांद्यावर फडकं टाकून पाण्याचा जग घेऊन जो आला तो शंकर होता. केस पांढरे झालेले, गालफडं बसलेली. मी ओळखलं. त्यानेही ओळखलं — नमस्कार केला, बरे आहात का विचारलं, ताईंची चौकशी केली. मी त्याच्या बायकोबद्दल विचारलं नाही. उत्तर काय येईल याची भीती वाटली. ग्लासात पाणी ओतताना त्याने आवाज खाली आणला. रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखा बोलला तो.

“भाऊ, तुमी तं खात नाई. मंग काय केलं त्याचं?”

सहा वर्षं त्याला हेच पडलं होतं. मी का केलं हे नाही, त्याच्यावर का ढकललं हेही नाही. ज्याला तो रोज भाकरी घालायचा त्याचं पुढे काय झालं, एवढंच. आजूबाजूला कुणी नव्हतं. भाऊजी नव्हते, ग्रुप नव्हता. खरं सांगितलं असतं तर माझं काडीचंही नुकसान होणार नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

“कोणाचं?” मी विचारलं.

मग त्याने खांद्यावरचं फडकं काढून माझ्यापुढचं टेबल पुसलं आणि चहा सांगायला आत गेला. चहा आला. मी तो पूर्ण प्यालो.